गाभारा नवा, देव परके

श्प्रे नदीच्या बेटावर, बर्लिनच्या ऐन मध्यात, एकच महाद्वार दोन ठिकाणी उभे आहे. एक राजवाड्याच्या उत्तरेकडच्या दर्शनी भिंतीत. दुसरे हाकेच्या अंतरावर, पूर्व जर्मनीच्या जुन्या राज्य परिषदेच्या इमारतीत, साठच्या दशकातल्या सपाट, चौकोनी भिंतीला ठिगळ लावावे तसे बसवलेले. तोच सज्जा, तीच ठेवण, तेच कोरीवकाम. पाहणाऱ्याला वाटते की राजवाड्यावरचे द्वार अस्सल आणि समाजवाद्यांनी त्याची नक्कल करून आपल्या कचेरीला चिकटवली. खरे आहे ते उलटे. राजवाड्यावरचे द्वार एकविसाव्या शतकात घडवलेले आहे. मूळ राजवाड्यातून वाचवलेले दगड आहेत ते त्या कचेरीवर.

९ नोव्हेंबर १९१८ ला समाजवादी क्रांतिकारक कार्ल लिब्क्नेख्टने याच द्वारातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. म्हणून १९५० मध्ये अख्खा राजवाडा सुरुंग लावून उडवणाऱ्या सरकारने तेवढे एक द्वार राखले आणि १९६४ मध्ये पुऱ्या झालेल्या नव्या इमारतीत नेऊन बसवले. आज त्या इमारतीत बिझनेस स्कूल चालते. लिब्क्नेख्टच्या सज्जाखालून रोज भावी व्यवस्थापक ये-जा करतात.

या दोहोंपैकी वारसा कोणता? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. नव्याने उभा राहिलेला बर्लिनचा राजवाडा देखणा आहे, त्यावर राबलेले हात कसबी आहेत, आणि तो बांधू नये असा हट्ट धरण्याची वेळ कधीच निघून गेली. पण त्याला वारसा म्हणणे, वारशाला देतो तो मान आणि तो दर्जा त्याला देणे चूक आहे. एवढ्यावर भागत नाही. ही चूक खरोखर जुन्या इमारतींच्या जिवावर उठणारी आहे.

मूळ वाड्याची गोष्ट मोठी रंगतदार. होहेनझोलर्न घराण्यातल्या दुसऱ्या फ्रीडरिखने १४४३ मध्ये या बेटावर गढीचा पाया घातला तो शहराच्या नाकावर टिच्चून. पाच वर्षांनी बर्लिनकर बिथरले तेव्हा त्यांनी बांधकामाच्या खोदाईत नदीचे पाणी सोडून दिले. शहराचे आणि वाड्याचे नाते हे असे पहिल्यापासूनच. पुढे घराण्याला प्रशियाच्या राजमुकुटाचे वेध लागले. राजाला शोभेसा वाडा हवा, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस श्ल्यूटर कामाला लागला. हा मुळात शिल्पकार, आणि ते त्याच्या भिंतींवर दिसते. जुन्या गोव्यातली चर्चे पाहिलेल्यांना बरोक या युरोपीय वास्तुशैलीची तोंडओळख असते, पण उत्तरेच्या त्या मळभट उजेडात श्ल्यूटरने छाया-प्रकाशाचा जो खेळ मांडला त्याचा बाज वेगळा, अधिक जड आणि करारी. मग एक दिवस त्याचे नशीब फिरले. टांकसाळीचा उंच मनोरा भुसभुशीत जमिनीत खचून कलू लागला, १७०६ मध्ये तो उतरवावा लागला, आणि साहेबांची नोकरी गेली. त्याच्या जागी आलेल्या एओसांडरने वाडा पश्चिमेकडे वाढवून जवळजवळ दुप्पट केला. घुमट तर आणखी दीडशे वर्षांनी, १८४५ ते १८५३ या काळात, श्ट्यूलर नावाच्या वास्तुकाराने चढवला. नदीकडच्या बाजूला श्ल्यूटरच्याही आधीची जुनी अंगे तशीच राहिली होती.

सांगायचा मुद्दा हा, की ज्याला आपण सोयीसाठी 'बरोक राजवाडा' म्हणतो तो एका काळाचा नव्हताच. प्रत्येक पिढीने आपला थर चढवला, क्वचित आधीचा खरवडला. वाडे असेच वाढतात. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या वाड्यात मागच्या सोप्यात सागवानी खांब आणि पुढे आजोबांच्या वेळची सिमेंटची गॅलरी असते, तसेच.

३ फेब्रुवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात तो पेटला आणि बहुतेक सगळा आतून जळून गेला. पण भिंती उभ्या होत्या, जिने होते, कित्येक शिल्पे होती. इतकेच नव्हे, १९४६ मध्ये त्याच्याच एका दालनात बर्लिनच्या पुनर्रचनेच्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले. ज्या इमारतीत लोकांना रांगेने आत सोडता येते ती 'पाडण्यावाचून इलाज नाही' या वर्गात बसत नाही. तरीही १९५० च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता वॉल्टर उल्ब्रिख्टने पक्षाच्या अधिवेशनात फर्मान काढले. कलेतिहासाचे जाणकार विरोधात बोलले, लिहिले, कोणी ऐकले नाही. सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने सुरुंग उडत राहिले. मागे उरले ते संचलनासाठी मोकळे मैदान. याला सांस्कृतिक गुन्हा म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

ती अडखळते ती पुढच्या गोष्टीपाशी, कारण तिथे भल्याभल्यांची अडखळते.

त्या मैदानाच्या एका भागात पूर्व जर्मनीने १९७६ मध्ये 'प्रजासत्ताकाचा प्रासाद' बांधला. पितळी झाक असलेल्या काचांची लांबलचक इमारत. आत संसद होती खरी, पण लोकांच्या लेखी ती संसद नव्हतीच. पाच हजार माणसांचे सभागृह, उपाहारगृहे, बोलिंग, नाचगाणी. लग्नाच्या मेजवान्या झाल्या, पोरे पहिल्यांदा आइस्क्रीम खायला आली. दालनात लटकणाऱ्या असंख्य दिव्यांमुळे बर्लिनकरांनी तेव्हाचा पूर्व जर्मनीचा नेता एरिख होनेकरच्या नावाने त्याला 'एरिखचे दिव्यांचे दुकान' असे नाव ठेवले होते. टवाळीचे नाव आपण परक्या वस्तूला ठेवत नाही. आणि ज्या ठरावाने पूर्व जर्मनीने स्वतःला विसर्जित करून पश्चिमेत सामील व्हायचे ठरवले, तो २३ ऑगस्ट १९९० चा ठराव याच इमारतीत झाला. जर्मन एकीकरणाच्या इतिहासात यापेक्षा वजनदार जागा किती असतील?

महिन्याभराने अॅस्बेस्टॉसच्या कारणावरून तिला टाळे लागले. कारण खोटे नव्हते, इमारतीत हजारो टन अॅस्बेस्टॉस होते. ते काढायला २००३ उजाडले. आता गंमत पाहा. विषारी माल काढून झाल्यावर, सांगाडा निर्धोक झाल्यावर, २००६ ते २००८ या काळात ती इमारत पाडली. आजार बरा केला आणि मग रोग्याला मारले. कारण दरम्यान दुसरे काही शिजले होते. १९९३ मध्ये परांचींवर राजवाड्याच्या दर्शनी भागाचे खऱ्याच्या आकाराचे चित्र कापडावर रंगवून त्या जागी उभे केले गेले, आणि लोक हरखले. खासगी संस्थेने देणग्या गोळा करायला सुरुवात केली. ४ जुलै २००२ रोजी जर्मन संसदेने सुमारे दोन तृतीयांश बहुमताने ठरवले की तीन बाजूंनी बरोक भिंती पुन्हा उभाराव्यात. २००८ च्या स्पर्धेत विचेंझाचा फ्रांको स्टेला जिंकला, २०१३ मध्ये कोनशिला बसली, आणि २०२१ च्या जुलैत लोक आत जाऊ लागले. सगळा खर्च सुमारे ६८ कोटी युरो. त्यातले दहा कोटींहून अधिक, म्हणजे मुख्यतः दर्शनी भागाचे, लोकांच्या खिशातून.

१९५० मध्ये एका राजवटीने आधीच्या राजवटीची खूण पुसली. २००६ मध्ये दुसरीने तेच केले. पहिल्याने दारूगोळा वापरला, दुसऱ्याने संसदेतला ठराव. लोकशाही मार्ग श्रेष्ठ, यात वाद नाही. पण पाडलेली इमारत मतदानाने पाडली म्हणून कमी पाडली जात नाही.

राजवाडा बांधणाऱ्यांची बाजू अगदीच लेचीपेची नाही, तीही नीट मांडायला हवी. शहराची मांडणी त्या वाड्याभोवती झाली होती. वास्तुकार शिंकेलने आपले संग्रहालय बांधले ते बागेच्या पलीकडून वाड्याकडे तोंड करून. उंटर डेन लिंडेन हा राजरस्ता येऊन भिडायचा तो वाड्याच्या अंगाला. वाडा गेल्यावर हे सगळे वाक्यातले कर्तापद गळाल्यासारखे झाले. दुसरे म्हणजे कारागिरी. एकोणिसाव्या शतकात मायडेनबाउअरने छायाचित्रांवरून इमारतींची मोजमापे काढण्याचे तंत्र विकसित केले होते. त्याच्या पद्धतीने टिपलेल्या काचेवरच्या निगेटिव्ह शिल्लक होत्या. त्यांच्या आधारे, उरल्यासुरल्या तुकड्यांशी ताडून, श्पांडाउच्या कार्यशाळेत शिल्पकारांनी वर्षानुवर्षे आधी माती, मग प्लास्टर, मग वालुकाश्म अशा क्रमाने गरुड, पुतळे, माळा, खांबांची शीर्षे घडवली. ही विद्या नामशेष व्हायच्या बेतात होती, या कामाने ती तरली. श्ल्यूटरच्या चौकात उभे राहून त्या भिंतींकडे मान वर करून पाहताना कोणाला भारावल्यासारखे झाले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

तिसरा मुद्दा जास्त टोकदार, आणि तो आपल्या अंगणातून येतो. जुन्या दगडाचे एवढे स्तोम माजवणे हे युरोपीय वेड आहे, असे म्हणता येईल. १९०५ मध्ये कलेतिहासकार गेओर्ग देहिओने 'जतन करा, पुनरुद्धार नको' असे जर्मनांना बजावले, स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने उत्खननातल्या अवशेषांच्या पुनर्बांधणीला दार बंद केले आणि फक्त पडलेले मूळ तुकडे पुन्हा जागेवर बसवायला मुभा दिली. पण आम्ही तर जीर्णोद्धार करणारी माणसे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरे बांधली, तेव्हा मूळ दगड कोठे आहेत असे कोणी विचारले नाही. जपानमध्ये इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात आणि ते पुरातनच असते. म्हणून तर १९९४ मध्ये जपानमधल्याच नारा इथे जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केले की अस्सलपणाचे माप प्रत्येक संस्कृतीत निराळे असू शकते. मग बर्लिनकरांनी जीर्णोद्धार केला तर बिघडले कुठे?

बिघडले असे. जीर्णोद्धार होतो तो ज्या देवळात देव नांदतो त्याचा. भिंत पडते, पूजा खंडत नाही; खंडलीच तर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणूनच भिंत बांधतात. अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळांत घंटा वाजत होत्या. इसेत दर वीस वर्षांनी लाकूड बदलते, पण सुतारकीची आणि विधीची साखळी अखंड राहते. बर्लिनच्या वाड्यात कोण परतले? राजा १९१८ लाच गेला, आणि तो परत यावा असे कोणाला वाटत नाही, वाटूही नये. आतल्या दालनांना त्यांच्या जुन्या उपयोगाशी देणेघेणे नाही. भिंतींच्या आड काँक्रीटचा सांगाडा, सरकते जिने, संग्रहालयाच्या वातानुकूलित खोल्या. नदीकडची चौथी बाजू तर स्टेलाने उघड उघड आधुनिक ठेवली आहे. गाभारा नवा बांधला, पण देव?

देव आणले बर्लिनच्याच डालेम भागातल्या संग्रहालयांतून. आशिया, आफ्रिका, ओशियानिया इथून आलेल्या वस्तू, ज्यांतल्या अनेक वसाहतकाळात, कधी विकत, कधी हिसकावून, कधी लुटून आणलेल्या. जे ठिकाण प्रशियाच्या राजांचे, ज्यांच्या साम्राज्याने आफ्रिकेत आणि पॅसिफिकमध्ये वसाहती केल्या, त्या ठिकाणाच्या पुन्हा बांधलेल्या भिंतींत त्याच वसाहतींतला ऐवज. कोणा नाटककाराने असा प्रवेश लिहिला असता तर फार ढोबळ म्हणून आपण नाक मुरडले असते. कलेतिहासकार बेनेदिक्त साव्हुआ २०१७ मध्ये प्रकल्पाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडल्या त्या याच वस्तूंच्या पूर्वेतिहासाबद्दलच्या उदासीनतेवर बोट ठेवून. २०२२ मध्ये बर्लिनने आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या पाचशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली. त्यांतल्या काही आता राजवाड्यात उसन्या म्हणून मांडलेल्या आहेत. हे पाऊल चांगलेच होते. पण पाहा, वाद जिवंत आहे तो वस्तूंचा. भिंती फक्त त्याला साज चढवतात.

आणि घुमट. २०२० च्या मे महिन्यात खासगी देणगीतून त्यावर सोनेरी क्रूस चढला. खाली निळ्या पट्ट्यावर सोन्याच्या अक्षरांत बायबलमधल्या ओळी, राजा चौथ्या फ्रीडरिख विल्हेल्मने निवडलेल्या: येशूखेरीज तारण नाही, त्याच्या नावापुढे स्वर्गातले, पृथ्वीवरचे आणि पाताळातले सगळे गुडघे टेकावेत. त्या घुमटाच्या छत्राखाली बुद्ध, शिव, पूर्वजांचे मुखवटे. प्रामाणिक पुनर्निर्माण करायचे तर ओळी हव्यातच, असे समर्थन झाले. प्रामाणिकपणा इतका प्रिय होता तर नदीकडची बाजू आधुनिक का? ज्याची निवड करता येते त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. १८५० च्या सुमारास त्या ओळी लिहिणारा राजा निदान आपले म्हणणे मांडत होता. २०२० मध्ये त्याच ओळी पुन्हा लिहिणारे म्हणतात, आमचे काही म्हणणे नाही, आम्ही फक्त नक्कल केली.

यावर वॉर्सॉचे उदाहरण हमखास फेकले जाते. तिथला शाही किल्ला नाझींनी १९४४ मध्ये ठरवून उडवला. १९७१ मध्ये पोलिश सरकारने तो पुन्हा बांधायचे ठरवले, लोकांनी पैसे दिले, १९८४ मध्ये तो उघडला. वॉर्सॉचे जुने शहर, जे बहुतांश नव्याने बांधलेलेच आहे, १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथे घर पाडणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा होता. युद्धाच्या धामधुमीत संग्रहालयातल्या माणसांनी जिवावर उदार होऊन किल्ल्याच्या चौकटी, कोरीव पट्ट्या, चित्रे लपवून ठेवली होती. ती परत जागेवर बसली. ज्यांनी तो वाडा उभा पाहिला होता त्यांनीच तो पुन्हा बांधला. यादीत नोंद झाली ती जुन्या भिंतींची नव्हे, एका राष्ट्राने मरण नाकारल्याची. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श हे चर्चही तसेच. युद्धात कोसळल्यावर त्याचा ढिगारा जवळजवळ पन्नास वर्षे जागेवर राहू दिला, मग १९९४ ते २००५ मध्ये त्यातलेच हजारो दगड मूळ जागा शोधून लावले. काळवंडलेले जुने दगड आणि फिकट नवे, लांबूनही वेगळे दिसतात. कोणी कोणाला फसवत नाही.

बर्लिनमध्ये फसवणूक म्हणावी इतका वाईट हेतू नाही. हौस आहे, हळहळ आहे, आणि जे नकोसे ते विसरण्याची घाई आहे. पलीकडे पाच संग्रहालयांचे संग्रहालय-बेट १९९९ पासून जागतिक वारसा आहे. राजवाडा त्यात नाही, आणि तो तिथे नसणेच योग्य. तळघरात मात्र जुन्या वाड्याच्या पायाच्या भिंती जपून ठेवल्या आहेत, त्या पाहता येतात. विटा, दगड, धूर खाल्लेले, मोडके, कुरूप. वारसा आहे तो तिथे, खाली.

एवढे खल करायचे कारण हे, की नकलेला वारशाचा मान मिळाला की अस्सलाचे रक्षण लुळे पडते. इमारत पाडायला हात कचरतो तो एकाच जाणिवेने: ही पुन्हा येणार नाही. ती जाणीव गेली की बिल्डर बेधडक सांगतो, दर्शनी भाग आम्ही हुबेहूब करून देऊ, काळजी नसावी. ब्राउनश्वाइगला हे झालेच. तिथला राजवाडा १९६० मध्ये पाडला, २००७ मध्ये त्याचा दर्शनी भाग परत आला, आणि त्यामागे आहे शॉपिंग सेंटर. आपल्या शहरांतही जुन्या घराची कमान तेवढी ठेवून मागे वीस मजले चढवायची टूम निघालेली आहेच.

पुण्यात शनिवारवाड्याच्या बाबतीत कोणी ना कोणी 'पुन्हा बांधू या' म्हणत असते. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला. दिल्ली दरवाजा, तट, जोती आणि कारंज्यांच्या खुणा उरल्या. मला त्या उघड्या जोत्यांवर चालायला आवडते. कोणता चौक कुठे होता हे मनाशी जुळवावे लागते, आणि ते जुळवताना जे गेले त्याची किंमत कळते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदी असल्याने भोवतालच्या मोडकळीला आलेल्या वाड्यांतले लोक अडकून पडले आहेत, हे मला माहीत आहे, आणि ती तक्रार रास्त आहे. त्यांच्यासाठी नियम शहाणपणाने सैल करा. पण ज्या जोत्यांसाठी त्या लोकांनी इतकी वर्षे कळ सोसली, त्यांच्यावर उद्या फायबरचा सातमजली चढवला, तर ती सगळी कळ कशासाठी होती?

पॉट्सडॅमने यातून एक खुबीदार वाट काढली. तिथला नगर-राजवाडाही समाजवादी राजवटीने १९५९-६० मध्ये पाडला होता. तो पुन्हा बांधून त्यात आता प्रांताची विधानसभा भरते. त्याच्या भिंतीवर सोनेरी फ्रेंच अक्षरांत लिहिले आहे: 'हा राजवाडा नव्हे.' लोकांना हसू येते, आणि हसताना कळते. बर्लिनच्या घुमटावरच्या ओळींपेक्षा ही ओळ मला कितीतरी अधिक भाविक वाटते. २०२४ मध्ये बर्लिनच्या राजवाड्यातच पाडलेल्या 'प्रजासत्ताकाच्या प्रासादा'वर मोठे प्रदर्शन भरले. जे पाडले त्याच्या छाताडावर उभे राहून त्याची आठवण. उशिराचे का होईना, तेही एक कबुलीचे पाऊल.

राजवाड्याच्या बाहेर आणखी एक प्रत आहे, ती भारतीय पाहुण्याला चटकन ओळखू येते: सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाची, सुमारे दहा मीटर उंच, दगडात घडवलेली. एकोणिसाव्या शतकात मूळ तोरणाचे साचे काढले गेले आणि त्यांच्या प्रती युरोपात पोचल्या. हे त्याच कुळातले. ते स्वतःला सांची म्हणवत नाही आणि कोणी त्याच्यासाठी दर्जा मागत नाही. राजवाडा त्याच्यापासून शिकू शकेल.

सांचीतले दक्षिण तोरण मात्र पडले होते. १८८० च्या दशकात ते त्याच्याच दगडांतून परत उभे केले, आणि उभे करताना घोळ झाला: वरची आणि खालची तुळई उलट्या तोंडाने बसली. आजही तशीच आहे. त्या वरच्या तुळईवर कोरले आहे की हे दान श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुकादम, वासिष्ठीपुत्र आनंद याचे. पैठणच्या सातवाहनांचा माणूस. तुळई उलटी आहे, पण तिच्यावर छिन्नी चालली ती आनंदच्या माणसांची.